चिंचेनं घासलेलं इंजिन

इंजिन करायला मला आठ महिने लागले आणि ते मळवायला तीन वर्षं. हे ऐकून लोक हसतात. मला हसणाऱ्यांचा राग येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. सव्वा फुटाचं इंजिन पत्र्यातून कुणीही कातरून काढेल, हाताला थोडी सवय असली की झालं. पण ते रानात अकरा वर्षं राबलेलं दिसलं पाहिजे, कुठं हात लागून गुळगुळीत झालंय, कुठं तेल गळतंय, कुठं धूर बसलाय हे बघणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळलं पाहिजे, तर मग बसा तीन वर्षं. आणि बघणारा जर आमचे अण्णा असतील, तर तीनही कमीच.

अण्णा म्हणजे रानातून लाकूड आणणाऱ्या आमच्या छोट्या रेल्वेगाडीचे ड्रायव्हर. नात्यानं माझे कुणी नव्हेत. सगळा डेपो त्यांना अण्णा म्हणायचा, मीही म्हणू लागलो. मी त्यांचा फायरमन, भट्टीत लाकूड टाकणारा. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं तेव्हा मी लाईनीवर लागलो. त्याआधी लाकडाच्या गिरणीत होतो आणि तिथल्या मुकादमाशी भांडून बाहेर पडलो होतो. राग नाकावर असायचा. अशा माणसाला कुणी दारात उभं करत नव्हतं, पण अण्णांनी मला मागून घेतलं. ‘भांडतो म्हंजे मन लावून काम करत आसंल,’ असं ते डेपोवाल्यांना म्हणाले म्हणे. माझं त्यापुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं आहे, हे मी आज सरळ कबूल करतो. त्या वेळी मात्र मला वाटलं होतं की काम चांगलं येतं म्हणून घेतलं.

लाईन अगदी लहान होती. दोन रुळांच्या मधे माझी दोन पावलं एकापुढे एक ठेवली की अंतर संपलं. नंदिगड्ड्याच्या पुढच्या रानातून सागाचे आणि जांब्याच्या झाडाचे ओंडके भरायचे आणि सुप्याजवळच्या डेपोत आणून टाकायचे, एवढंच काम. लोंढ्याहून घाट उतरून गोव्याकडे जाणारी मोठी गाडी ज्यांनी पाहिलेली असायची ते आमच्या गाडीला खेळणं म्हणायचे. अण्णांना ते चालायचं, मला चालायचं नाही. इंजिन एकच होतं, लाकडावर चालणारं, फुगीर धुराड्याचं. त्याची शिट्टी एकदा तडकली तेव्हा नवी येईना. शेवटी अण्णांनी स्वतः बसून तिला पितळेचा पक्का डाख दिला. जोड टिकला, पण आवाज कायमचा बसला. रानातल्या वस्त्यांवर बायका म्हणायच्या, घसा बसलेली गाडी आली, आता पेज उतरवायला हरकत नाही.

अण्णांनी मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, बघायला शिकवलं. आगीचा रंग बघ, पाण्याची काच बघ, धूर कसा चाललाय बघ. तोंडानं फार बोलत नसत. बोट दाखवायचे आणि मी चुकीचं काही केलं की बोट मागं घ्यायचे. संध्याकाळी काम संपलं की आमच्या पडवीत बसून चहा प्यायचे. माझ्या लग्नानंतर तर बायकोनं त्यांची पितळी वेगळीच काढून ठेवली होती.

पुढे रस्ते झाले. ट्रक आले. आम्ही बसल्या जागी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत लाईन बंद पडली. इंजिन डेपोच्या मागं उघड्यावर उभं राहिलं. दोन पावसाळे त्याच्या अंगावरून गेले. मग ते मोडून न्यायला एक कंत्राटदार आला आणि त्यानं मलाच कामाला घेतलं, कारण कुठला नट कुठं आहे ते अण्णा सोडले तर माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी हो म्हणालो. मला दुसरं काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर परक्या माणसानं त्याला हात लावावा हे मला सोसलं नसतं. पण ही दुसरी गोष्ट मी कुणाला बोलून दाखवली नाही. मोडायला महिनाभर लागला. त्या महिन्यात अण्णा डेपोकडे एकदाही फिरकले नाहीत, आणि आमच्या पडवीतही आले नाहीत.

त्यानंतर येणं बंदच झालं. बाजारात भेटले की ‘बरं हाय न्हवं?’ म्हणायचे आणि पुढं जायचे. ज्या इंजिनावर त्यांनी मला माणूस केलं तेच इंजिन मी मोडलं, म्हणून ते रागावले आहेत, हे मला विचारायची गरज वाटली नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही रागावलोच असतो. त्यांनी काही म्हटलं नाही, मीही मूग गिळून बसलो. बायको म्हणायची, जाऊन एकदा बोला की. पण बोलायचं काय, ते मला सुचत नव्हतं. माझं बोलणं नेहमी हातातनंच आलंय.

म्हणून मी इंजिन करायला घेतलं. मोडताना कंत्राटदाराकडून मी फक्त शिट्टी मागून घेतली होती आणि घरी आणून भाताच्या कणगीत लपवून ठेवली होती. तिचा वरचा पितळी गोल भाग दोन इंचांचा, वीतभर लांब. त्याचाच मी बॉयलर केला. बाकी सगळं रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचं. पडवीत एक लांब फळी टाकली, तिच्यावर सागाच्या चिपांचे स्लीपर ठोकले आणि पिंपाच्या लोखंडी पट्ट्या उभ्या बसवून रूळ केले. एका टोकाला डेपो, मधे ओढ्यावरचा पूल, दुसऱ्या टोकाला रान. इंजिन बोटानं ढकलायचं, ते आपलं आपण चालत नव्हतं. मला ते चालवायचं नव्हतंच. अण्णांनी ते हातात घ्यावं आणि ‘ही आपली गाडी’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

पहिल्या वर्षी मी त्याला काळा चकचकीत रंग दिला, सुती धोतरात गुंडाळलं आणि अण्णांच्या घरी नेलं. बॉयलर कशाचा आहे ते मी सांगितलं नाही. रंगाखाली ते दिसत नव्हतं, आणि दिसू नये अशीच माझी इच्छा होती. ती शिट्टी त्यांना दाखवायची म्हणजे मीच ती उतरवली हे त्यांच्या तोंडावर सांगायचं. अण्णांनी इंजिन दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं आणि परत दिलं. ‘दुकानातली हाय,’ एवढंच म्हणाले.

घरी येईपर्यंत मी धुमसत होतो, पण मनात कळलं होतं. आमच्या इंजिनाला कधी असला तकतकीत रंग नव्हता. मग मी हट्टाला पेटलो. पाण्याच्या टाकीला डावीकडे पोचा होता, तो ठोकून घातला. दिव्याची दांडी वाकवली. छपराचा पत्रा पुन्हा कातरून एका बाजूला उतरता केला. चाकांना आरे नव्हते, ते तार घालून केले. लोखंडाचा कीस मिठाच्या पाण्यात भिजत घालून खरा गंज तयार केला आणि डिंकानं जागोजागी बसवला. दातवणाची काडी चावून तिचा कुंचला केला होता. सांध्यांतून ओघळलेला गंज, पत्र्याच्या कडेला सुटलेले पापुद्रे, सगळं हुबेहूब उतरलं. कामावर मी भलताच खूश होतो. दुसऱ्या वर्षी तेच घेऊन गेलो.

अण्णांनी या खेपेला ते हातातही घेतलं नाही. ओटीवर ठेवलेलंच वाकून पाहिलं, सरळ झाले आणि म्हणाले, “ही मेलेली हाय.” आणि आत निघून गेले.

मी आठवडाभर घरात कुणाशी नीट बोललो नाही. बायकोनं माझ्यासमोर जेवणाचं ताट ठेवायचं आणि लांब जाऊन बसायचं, असं चाललं होतं. काय चुकलं ते कळायला मला पुढचा पावसाळा लागला. मेढीला दोन कोयते अडकवलेले होते, एक रोजचा आणि एक मूठ मोडली म्हणून वर्षभर टांगून ठेवलेला. सहज दोन्ही खाली काढले. मळलेले दोन्ही होते. पण रोजच्या कोयत्याची मूठ तुळतुळीत होती, पातं धारेकडे उजळ होतं, चीक सगळा पाठीकडे धरलेला. टांगलेला सगळीकडून सारखा लाल. एक कामानं मळला होता, दुसरा काम नसल्यामुळं. मी कपाळाला हात लावला. मी जे इंजिन केलं होतं ते डेपोच्या मागं दोन पावसाळे भिजत उभं राहिलेलं, मोडायच्या दिवशीचं. ते रूप मी एकट्यानंच पाहिलेलं होतं. अण्णा ते बघायला कधी आले नव्हते, आणि मी ते धोतरात गुंडाळून त्यांच्या ओटीवर नेऊन ठेवलं होतं.

मग सगळं खरवडून काढलं. गंज गेला, पहिला काळा रंगही गेला, पितळ उघडं पडलं. या वेळी रंग वापरायचाच नाही असं ठरवलं. दिव्याची काजळी एरंडेलात खलून लावायला घेतली, तेवढ्यात बायकोनं बाजारातून निरोप आणला. अण्णा भेटले होते, चालता चालता म्हणाले होते, लाकडाची काजळी काळी नसते म्हणावं त्याला. म्हणजे त्यांच्याही डोक्यात इंजिन होतंच. त्या निरोपानं मला किती बरं वाटलं ते मी बायकोलाही सांगितलं नाही. उठलो आणि चुलीवरच्या वाशाला धरलेली तपकिरी, चिकट काजळी खरवडून आणली.

त्या काजळीनं धुराड्याचा रंग पहिल्यांदा खरा आला. चाकांच्या खाली जांभ्या दगडाची लाल भुकटी, पाण्याच्या झाकणाखाली चुन्याच्या निवळीचे पांढरे ओघळ, दट्ट्यांपाशी तेलाची ओल. मूठ धरायची दांडी आणि चाकांची धाव मात्र घासून उजळ ठेवली, कारण तिथं मळ कधी टिकत नाही. भाद्रपद संपेपर्यंत काम पुरं झालं. आणि तेव्हाच कळलं की अण्णा खानापूरला मुलाकडे कायमचे निघालेत. दसऱ्याच्या सकाळच्या मोटारीनं. खंडेनवमीला संध्याकाळी इंजिन त्यांच्याकडे न्यायचं असं मी ठरवलं. त्यानंतर संधी नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं प्रत्येक आयुध ओढ्यावर जातं. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, कोयते, माझे पाने आणि कानशी, विळीसुद्धा. लोखंड राखेनं, पितळ चिंचेनं. मग सगळं पाटावर मांडून कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आयुधांची ती एकच सुट्टी. मी त्या दिवशी पहाटे आपट्याच्या डहाळ्या आणायला रानात गेलो होतो. उन्हं वर आल्यावर परतलो तर पडवीत पाट मांडलेला, पूजा झालेली, उदबत्ती निम्मी जळलेली. कुऱ्हाड आणि कानशी यांच्या मधोमध माझं इंजिन. देवघरातल्या समईसारखं लखलखत होतं. बॉयलरवर कुंकवाची पाच बोटं आणि धुराड्यात झेंडू.

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. डोक्यात राख घालून घेणं म्हणजे काय ते त्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही पाहिलं. बायको हातातली परडी खाली न ठेवता ऐकत राहिली. माझं संपल्यावर शांतपणे म्हणाली, “अवो, पुजंला कुणी काळं आयुध ठेवतंय व्हय? आनि अण्णास्नी मी जेवाय बोलावलंय. येतो म्हनालेत.”

त्या माउलीनं दोन रुसलेल्या पुरुषांचा घोळ एका जेवणात मिटवायचं ठरवलं होतं, आणि अण्णांसमोर इंजिन मळकं दिसू नये म्हणून सकाळभर चिंच चोळली होती. हे मला आता कळतं. त्या वेळी मी पाटाभोवती नुसत्या फेऱ्या मारत होतो. इंजिनाला पुन्हा मळवायला हात लावता येत नव्हता, लपवता येत नव्हतं, कारण पूजेतलं उचलायचं कसं. आणि उघड्या पितळेवर, कुंकवाच्या बरोबर खाली, अण्णांचा डाख स्पष्ट दिसत होता. कुणालाही दिसला असता.

अण्णा दुपारी आले. चार वर्षांनी आमच्या पडवीत. बायकोनं पाय धुवायला पाणी दिलं. त्यांनी पाटाला नमस्कार केला आणि वाकलेले तसेच राहिले. मग बोट पुढे केलं, पण स्पर्श न करता डाखाच्या रेघेवरून हवेतच फिरवलं.

“ह्यो माझा डाख हाय.”

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.

“शिट्टी कुनी सोडवली?”

“मी.”

“घण घातलास?”

“न्हाई अण्णा. पाना लावून. आदी चार दिवस तेल सोडत हुतो.”

“आनि बाकीची गाडी?”

“जेवडं सुटलं तेवडं समदं पाना लावूनच. बॉयलर त्येंनी कापून नेला. तवा मी तितं थांबलो न्हाई.”

हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. कंत्राटदाराची माणसं घण घेऊन बसलेली असायची, हसायची, आणि मी एकेक नट तेल घालून सोडवत राहायचो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, हं म्हणाले आणि पानावर बसले. पोटभर जेवले. निघताना बायकोला म्हणाले, “ब्येस घासलीयास, पोरी.” मला काहीच म्हणाले नाहीत. मी दारात उभा राहून त्यांची पाठ बघत राहिलो आणि संपलं म्हणून आत आलो.

दसऱ्याच्या सकाळी मोटार यायच्या तासभर आधी ते पुन्हा दारात. प्रवासाचं पांढरं धोतर, डोक्यावर धुतलेला पटका, हातात पिशवी. मी सोनं द्यायला वाकलो, त्यांनी पानं खिशात टाकली आणि विचारलं, “पूजा उतरवली का?” उतरवली होती. तसे ते बाह्या सरसावून फळीपाशी खाली बसले. बायकोला वाशाची काजळी आणि एरंडेल आणायला सांगितलं, मला चुना कालवायला आणि जांभ्याची लाल भुकटी काढायला. इंजिन डेपोच्या टोकाला ठेवलं आणि बोटानं ढकलायला लागले.

“हितं चढ लागतो. धूर मागं दबतो.” अंगठ्यानं धुराड्याच्या मागच्या बाजूला काजळी लावली, फक्त मागच्या. मी ती चारी बाजूंनी सारखी लावली होती. “पुलाच्या अलीकडं पानी भरतो आपन. तू सांडतोस.” टाकीवरून चुन्याचा ओघळ सोडला, आणि तोही सरळ नाही, तिरका, कारण तिथं लाईन एका अंगाला कलती होती. मी सांडतो हे त्यांच्या लक्षात होतं. रानाच्या टोकाला पोचेपर्यंत इंजिन चाकांपर्यंत लाल झालं, परत डेपोत आलं तेव्हा पूर्ण मळलं होतं. एका खेपेत. पांढऱ्या धोतरावर एरंडेलाचे डाग पडले, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला मात्र फळीकडे बघणं कठीण झालं होतं, कारण माझे डोळे भरून आले होते.

मी म्हणालो, घेऊन जा अण्णा, तुमच्यासाठीच केलंय. त्यांनी मान हलवली. खानापुरात तिला कोण वळखणार, म्हणाले. मग मी त्यांची पिशवी उचलली आणि मोटारीच्या थांब्यापर्यंत बरोबर गेलो. वाटेत सगळा धीर गोळा करून विचारलं की माझ्यावरचा राग आता गेला का.

ते थांबले. हाताला अजून काजळी होती, ती पुसायला जागा शोधल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

“तुज्यावर कशापायी रागावू? ड्रायव्हर मी हुतो. तिला मोडताना मी तितं याय पायजे हुतं. आलो न्हाई. तुला एकट्याला सोडलं तिच्यापाशी. चार वर्सं तुला तोंड दावाय लाज वाटली मला.”

मोटार आली. त्यांना बसवलं, पिशवी मांडीवर दिली. नमस्कार केला. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की मी त्यांची माफी मागायला तीन वर्षं एक इंजिन करत होतो आणि ते तिकडे माझ्यापासून तोंड चुकवत होते. पडवीत बायको राहिलेली काजळी वाटीत भरून ठेवत होती. आदल्या दिवशी जे बोललो त्याबद्दल मी तिची क्षमा मागितली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ती पहिलीच वेळ.